चिलखताचा पॅटर्न फोमवर उतरवायचा कसा? आधी फर्मा, मग फोम

प्रश्न थोडक्यात असा. देवगडकडच्या एका हौशी दशावतार मंडळाला येत्या जत्रांसाठी राक्षसपार्टीचं, म्हणजे राक्षसाची भूमिका करणाऱ्या नटाचं, चिलखत करायचंय. पोरांनी इंटरनेटवरून एक परदेशी पॅटर्न उतरवून घेतला, ए-फोर कागदांवर छापला, पानं चिकटपट्टीनं जोडली आणि लहान मुलांच्या खेळायच्या १० मिमी जाडीच्या मॅटवर कार्बन पेपर ठेवून गिरवला. रेघा पुसट उठल्या, काही उठल्याच नाहीत. कापून जोडायला घेतलं तर छातीचा भाग तोकडा, दोन्ही भुजकीर्त्या, म्हणजे खांद्यावरचे भाग, उजव्याच खांद्याच्या, आणि जोडाच्या कडा एकमेकींना भिडेनात. ‘फोमवर स्वच्छ रेघ उठेल असा कार्बन कुठला मिळतो, की इस्त्री फिरवून छाप उतरवावा?’ असं त्यांनी विचारलंय. कापलेला फोम वाचेल का, हेही.

कार्बन बदलून काही होणार नाही. तुमच्या चार तक्रारींपैकी पुसट रेघ ही सगळ्यात किरकोळ. बाकीच्या तिन्ही चुका कागदावरच झालेल्या होत्या, फोम कापल्यावर त्या दिसल्या इतकंच. मी कुडाळ भागातल्या दशावतारी मंडळींना आणि शिमग्याच्या रोंबाटांना, म्हणजे सोंगांच्या मिरवणुकांना, मुकुट, मुखवटे, चिलखतं करून देतो आणि माझा एकच हट्ट असतो: छापलेला कागद थेट फोमला लावायचा नाही. कागदावरून जाड फर्मा, म्हणजे आखायचा साचा, करायचा, तो माणसाच्या अंगाला लावून बघायचा, कमीजास्त करायचा, आणि मग फर्म्याभोवती पेन फिरवायचं. शिंपी आणि चपला करणारे हेच करतात. फर्मा हातात असला की दुसरं चिलखत अर्ध्या वेळात होतं, आणि राक्षस एकटा कधी येत नाही, त्याच्या मागून सेनापती येतोच.

आता छातीचा भाग तोकडा का झाला ते बघू. परदेशी पॅटर्न बहुतेक अमेरिकन लेटर मापाच्या कागदावर बेतलेले असतात. तो कागद २१६ बाय २७९ मिमी, आपला ए-फोर २१० बाय २९७. म्हणजे आपला कागद उंच आहे, पण रुंदीला कमी. झेरॉक्सवाला छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय तसाच ठेवतो, कारण बिलं आणि सातबारा छापताना तोच बरा पडतो. मशीन मग रुंदी बसवण्यासाठी सगळं चित्र साधारण ३ टक्क्यांनी आवळतं, प्रिंटरचा समास धरला तर आणखी थोडं. एका पानावर हे कळत नाही. पण १०० सेंमी छातीचं चिलखत ९७ सेंमीचं होतं, आणि आत मखमली अंगरखा असेल तर ते बंदच होत नाही. तेव्हा छापताना ‘मूळ माप’ किंवा ‘१०० टक्के’ हाच पर्याय घ्या. बऱ्याच पॅटर्नवर मापाचा एक चौकोन दिलेला असतो, १ इंचाचा किंवा ५ सेंमीचा. पहिलं पान हातात आलं की दुकानातच पट्टी लावून तो मोजा, आडवा आणि उभा दोन्हीकडून. चौकोन बरोबर आला तरच पुढची पानं सोडायला सांगा. चौकोन नसेल तर छापण्याआधी स्वतः एक टाकून घ्या.

पानं जोडतानाही माप सरकतं. एका जोडाला १ मिमी गेला तर सहा पानांच्या ओळीत ५ मिमी गेले. दोन्ही पानांचा समास कापू नका, एकाचाच कापा आणि तो दुसऱ्यावर चढवा, म्हणजे चिकटवायला जागा राहते. खिडकीच्या काचेवर उजेडासमोर धरून खुणा जुळवा. सगळी पानं जोडून झाली की टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर कागद कुठेतरी तिरका चिकटलाय.

खरं सांगायचं तर मोठ्या भागांसाठी मी ए-फोरच्या भानगडीत पडतच नाही. तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे छापून देणारी दुकानं असतात. त्यांच्या प्लॉटरवर ए-वन म्हणजे ५९४ बाय ८४१ मिमीचा एकच कागद निघतो आणि छातीचा अर्धा भाग त्यात आरामात बसतो. त्याहून सोयीचा म्हणजे फ्लेक्सवाला. वाढदिवसाच्या शुभेच्छा छापणाऱ्या त्याच मशीनवर तुमचा पॅटर्न अख्खा निघतो, आणि फ्लेक्स ओल धरत नाही, जे आपल्याकडे फार महत्त्वाचं. फक्त फ्लेक्सवाल्याला चित्र ओढून बॅनरच्या मापात बसवायची सवय असते, म्हणून फाईलमध्ये १० सेंमीचा चौकोन टाका आणि तो तितकाच यायला हवा असं बजावून सांगा. फ्लेक्स लोंबतो आणि ओढला तर किंचित ताणतो, त्यामुळे त्यालाच फर्मा समजू नका, तो पुठ्ठ्यावर चिकटवा.

फर्म्यासाठी पुठ्ठा कुठला? साडीच्या खोक्याचा, लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाचा, रजिस्टरच्या मागचा राखाडी, कुठलाही चालतो. नालीदार खोक्याचा मात्र नको, त्याची कड दबते आणि पेन आत घुसतं. लहान आणि पुन्हापुन्हा लागणारे भाग, म्हणजे बाजूबंदाची पानं, खवले, कमरपट्ट्याच्या चकत्या, यांचे फर्मे जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर करा. ती कात्रीनं कापते, कड गुळगुळीत राहते, आणि खालची रेघ दिसते. घरात एक्स-रे नसेल तर झेरॉक्सच्या दुकानातून पान लॅमिनेट करून घ्या, तेही चालतं. मोठ्या भागांना ३ मिमी सनबोर्ड, म्हणजे छापील फलकांचा हलका ताठ बोर्ड, उत्तम, आणि निवडणूक होऊन गेल्यावर त्याची टंचाई नसते.

कागद पुठ्ठ्यावर चिकटवताना पातळ डिंक किंवा खळ वापरू नका. पाण्यानं कागद फुगतो आणि एका दिशेला जास्त फुगतो, मग गोल भाग अंडाकृती होतो. ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं हेच लोक गाळतात. पुठ्ठ्याचे सगळे भाग कागदी टेपनं जोडा आणि ज्याला चिलखत घालायचंय त्याच्या अंगावर चढवा. नुसत्या बनियनवर नाही, आत जो पोशाख असणार आहे त्याच्यावर. त्याला तलवार उचलायला सांगा, खाली वाकायला सांगा, गिरकी घ्यायला सांगा. परदेशी पॅटर्न फोटो काढून घेण्यासाठी उभ्या राहणाऱ्या माणसासाठी असतो. आपला राक्षस रात्रभर नाचतो आणि युद्धाच्या प्रवेशात दोन्ही हात डोक्यावर नेतो. काखेतला कट अर्धा इंच कमी पडला तर तो पहिल्याच तालमीला सांगेल, ‘माका हात वर करूक येणा नाय’. ते पुठ्ठ्यावर ऐकलेलं बरं.

मापाचं म्हणाल तर अख्खा पॅटर्न एका टक्केवारीनं लहानमोठा करण्याचा मोह टाळा. पॅटर्न १८३ सेंमी उंचीच्या माणसाचा आणि आपला गडी १६५ सेंमीचा, म्हणून सगळं ९० टक्के केलं, तर उंची जुळते पण छाती आवळते, कारण बुटक्या माणसाची छाती त्याच प्रमाणात लहान नसते. त्यापेक्षा छातीवरून माप ठरवा आणि उंची नंतर काढा. फर्मा पोटाच्या रेषेत आडवा कापा, जेवढी उंची कमी करायची तेवढा एकावर एक चढवा, टेप लावा आणि बाजूच्या कडा पुन्हा हातानं गोलाईत आखून घ्या.

कडा न भिडण्याचं कारण जाडी. तुमचा पॅटर्न फोमसाठी बनवलेला आहे की कागदी मॉडेलसाठी, ते आधी बघा. कडांना चिकटवायच्या पाकळ्या असतील तर तो कागदी मॉडेलचा. पाकळ्या फोमला लागत नाहीत, त्या कापून टाका. पण खरी अडचण पाकळ्यांची नाही. त्या फाईलनं कागदाला जाडी नाही असं धरलेलं असतं, आणि तुमच्या मॅटला १० मिमी आहे. पट्टी गोल वळवली की आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, आणि मधला थर जेवढ्यास तेवढा राहतो. हिशेब सोपा आहे: पूर्ण वळसा असेल तर आतल्या घेरात जाडीच्या साधारण सव्वातीन पट मिळवा, काटेकोर हवं तर ३.१४ पट. दंडाचा घेर ३० सेंमी आणि फोम १० मिमी, तर पट्टी ३३ सेंमी लागते. ६ मिमी फोमला २ सेंमीच्या आसपास वाढ पुरते. अर्धा वळसा असेल तर वाढही अर्धी. पॅटर्न मुळातच फोमसाठी असेल आणि त्यावर जाडी लिहिलेली असेल, तर ही वाढ आधीच धरलेली असते, पुन्हा देऊ नका. तसंच, ६ मिमीचा पॅटर्न १० मिमीच्या मॅटवर कापायचा नाही. दशावतारासाठी मी छातीला ६ मिमी आणि दंड-मनगटाला ४ मिमीच्या पुढे जात नाही. १० मिमी भारदस्त दिसतो खरा, पण पेट्रोमॅक्स जाऊन एलईडी आले तरी रंगमंचावर घाम तेवढाच येतो.

आता डावं-उजवं. फर्म्याच्या एका बाजूवर मोठ्या अक्षरात ‘डा’ लिहा, तो उलटा आणि मागच्या बाजूवर ‘उ’ लिहा. डावा म्हणजे नटाचा डावा, प्रेक्षकांचा नाही. मॅटची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत असते. दोन्ही भाग गुळगुळीत बाजूवरच आखायचे, एक ‘डा’ वर ठेवून, दुसरा फर्मा उलटून. भुजकीर्त्यांची गल्लत इथेच होते. कागद नेहमी छापील बाजू वर करूनच ठेवला जातो, त्यामुळे दोन्ही उजव्या झाल्या यात नवल नाही.

भुजकीर्तीचंच उदाहरण घेऊन आखणी कशी करायची ते सांगतो. आधी फोम ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या. त्यावर बारीक भुकटी असते, तिच्यामुळे पेन मध्येच कोरडं पडतं. फर्मा ठेवा आणि मध्यभागी दोन-तीन टाचण्या खाली टोचा, कडेला नको. हातानं दाबून धरलात तर फोम दबतो आणि फर्मा घसरतो. पेन सरळ उभं धरा. तिरकं धरलं तर शाई फर्म्याच्या कडेपासून मिलिमीटरभर लांब पडते आणि भाग चारी बाजूंनी तेवढा वाढतो. काळ्या फोमवर चंदेरी जेल पेन, रंगीत किंवा पांढऱ्यावर साधं बॉलपेन. मार्कर अजिबात नको. त्याची शाई रंगाच्या थरांतून वर येते आणि जत्रेच्या आदल्या रात्री सोनेरी रंगाखाली जांभळी रेघ दिसायला लागते. बॉलपेनही फिकट रंगाखाली कधी कधी डोकावतं, म्हणून कापताना सुरी रेघेच्या आतल्या बाजूनं चालवा, म्हणजे रेघ टाकाऊ तुकड्याबरोबर जाते. फर्म्यापेक्षा पेनाच्या अर्ध्या जाडीनं वाढलेली कडही त्यातच निघून जाते.

बाहेरची कड झाली की फर्मा उचलू नका. जोडाच्या खुणा राहिल्यात. जिथे दोन गोलाकार कडा भिडणार आहेत तिथे फर्म्यावर दर ४-५ सेंमीला लहान त्रिकोणी खाचा केलेल्या असायला हव्यात, त्यांना आकडे द्या. एका तुकड्यावरचा ३ दुसऱ्यावरच्या ३ ला भिडणार. खाच फोममध्ये कापायची नाही, आतल्या बाजूला नुसती रेघ काढायची. कड ४५ अंशात तिरकी कापायची असेल तर कडेवरची खूण सुरीबरोबर जाते, म्हणून प्रत्येक खूण सेंटिमीटरभर आत ओढून घ्या आणि तिरका काप कुठल्या बाजूला उतरणार त्याचा बाण करा. कापून झाल्यावर त्याच खुणा फोमच्या जाडीवर, म्हणजे कापलेल्या कडेवरही टेका. डिंक लावून कडा भिडवताना डोळ्यांना तीच कड दिसते, वरची बाजू नाही. आणि मध्यरेषा विसरू नका. छातीच्या आणि पाठीच्या भागाला ती नसेल तर सगळं चिलखत थोडं वळून बसतं आणि कशामुळे ते शेवटपर्यंत कळत नाही.

आतली नक्षी फर्म्याच्या कडेनं आखता येत नाही. तिथे कार्बनपेक्षा आपला ठिपक्यांचा रांगोळीचा कागद कामाला येतो. नक्षीच्या रेघेवर सुईनं जवळजवळ छिद्रं पाडा, खाली जाड फडकं किंवा फोमचाच तुकडा ठेवून. शिंप्याकडचं दातेरी चाक असेल तर ते फिरवा, काम पटकन होतं. छिद्रांची मागची बाजू बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासा, नाहीतर भुकटी अडकते. फडक्याच्या पुरचुंडीत काळ्या फोमसाठी खडूची पूड, पांढऱ्यासाठी कोळशाची किंवा गेरूची, आणि ती कागदावर हळूहळू आपटा. कागद सरळ वर उचला, सरकवू नका. ठिपके पेनानं जोडा किंवा बोथट सुईनं दाबून रेघ काढा. भरतकाम करणारे हीच पूड रॉकेलमध्ये कालवून लावतात. फोमवर रॉकेल नको, त्यानं ईव्हीए, म्हणजे हा फोम ज्याचा असतो ते प्लास्टिक, फुगतो. पिंगुळीच्या चामडी बाहुल्यांचे दागिने जवळून बघितलेत तर छिद्रांच्या ओळीतून केवढी नक्षी उभी राहते ते कळेल. तिथली वळणं आपल्या राक्षसाला परदेशी ड्रॅगनपेक्षा जास्त शोभतात, असं माझं मत. ते ऐकायचं की नाही, तुम्ही बघा.

इस्त्रीचं विचारलंत. लेझर प्रिंटरची शाई ही वितळणारी प्लास्टिकची पूड असते, म्हणून ती उष्णतेनं दुसरीकडे उतरते हे खरं. पण मशीनच्या आत ती १८०-२०० अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखाली चिकटवलेली असते. ईव्हीए १०० अंशांच्या आतच मऊ पडतो. छाप उतरेपर्यंत फोम आकसतो, चमकतो, आणि ज्या मापासाठी एवढा खटाटोप केला तेच बिघडतं. शिवाय छाप उलटा उतरतो, म्हणजे डाव्या-उजव्याचा घोळ पुन्हा सुरू. आणि निळ्या कार्बनचं सांगायचं तर तो कडक पृष्ठभागासाठी आहे. खाली फोम असला की पेनाचा जोर फोम गिळतो, कार्बनपर्यंत पोचतच नाही. जोर वाढवला की कागद फाटतो.

आता पाऊस. तुम्ही आषाढ-श्रावणात काम करताय, कारण नाटकं बंद असतात तेव्हाच वेळ मिळतो. या दिवसांत कागद सादळतो. सकाळी जोडलेली पानं संध्याकाळपर्यंत लाटेसारखी होतात आणि चिकटपट्टी सुटते. म्हणून छापणं, जोडणं आणि पुठ्ठ्यावर चिकटवणं एकाच बैठकीत उरका. इंकजेटवर छापलं असेल तर ओल्या हातानं रेघ पसरते, लेझरची पसरत नाही. फर्म्याच्या दोन्ही बाजूंना रुंद पारदर्शक टेप मारा, कडांसकट. डिंकाचंही तसंच: एसआर ९९८ सारखा रबरी डिंक दमट हवेत लावला की वाळताना त्यावर पांढुरका दव धरतो आणि जोड नीट बसत नाही. पाऊस थांबल्यावर, पंख्याखाली, पातळ थर देऊन काम करा. दारं-खिडक्या मात्र उघड्याच, त्याचा वास डोक्यात जातो आणि वाफ पेट घेते. जवळ देवाचा दिवा नको. आखलेला फोम पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात ठेवू नका, तो वाकतो.

सामान शोधताय तर, गणपतीच्या आधी मखराच्या दुकानांत पातळ फोमशीट भरपूर येतात, २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर तर जास्तच. पण ती बहुतेक २ मिमीची, नक्षीला ठीक, चिलखताला नाही. ४ आणि ६ मिमीसाठी चपलांचा कच्चा माल विकणाऱ्याकडे विचारा. बोटानं दाबून बघा, खड्डा लगेच भरून आला तर घ्या.

राहिला तुमचा कापलेला फोम. छातीचा भाग फेकू नका. दोन्ही कुशींत काखेपासून कमरेपर्यंत पट्टी घाला, दोन्हींची मिळून रुंदी तुमचा मोजलेला फरक भरून काढेल एवढी, वर थोडी निमुळती. तिच्यावर खवल्यांची ओळ चिकटवली की मुद्दाम केल्यासारखी दिसते, खालचं टोक कमरपट्ट्यात जातं. न भिडणाऱ्या कडांना आधी गरम हवेनं मऊ करून वळवा, तरी फट राहिली तर फोमची पातळ चीर घालून घासा. डिंकानं भरलेली फट नाचताना फाटते. दोन उजव्या भुजकीर्त्यांपैकी एक उलटून लावता येईल का, हे मॅटच्या मागच्या बाजूवर अवलंबून आहे. खरबरीतपणा बारीक असेल तर पॉलिश पेपरनं जातो आणि रंगाखाली दिसत नाही. मॅटवर खोल जाळी किंवा अक्षरं उठवलेली असतील तर डावी भुजकीर्ती नव्यानं कापा, या वेळी ६ मिमीची, आणि उजवीही तिच्याबरोबरच, नाहीतर एक खांदा जाड दिसेल.